मोहर सॉल्टचा फ्लास्क तापवायचा नसतो, कुणीही सांगितलं तरी

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (फ्लास्कमधल्या द्रावणात ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून किती मिली लागतं ते मोजताना) ६०-७० अंशांपर्यंत का तापवतात आणि तापमान चुकलं तर रीडिंगचं काय होतं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक गोष्ट पक्की करा: तापवायचं ते ऑक्झॅलिक ॲसिडसाठी, परमँगनेटसाठी नव्हे. समोर मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट, लोहाचा एक क्षार) असेल तर बर्नर पेटवायचाच नाही. यावरून माझं एका एक्स्टर्नलशी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाशी, भर परीक्षेत वाजलं होतं, आणि ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मी तेव्हा एका ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. एका मुलीने मोहर सॉल्टचं द्रावण पिपेटने फ्लास्कमध्ये घेतलं, डायल्यूट सल्फ्युरिक घातलं आणि फ्लास्क सरळ ब्युरेटखाली नेला. अगदी बरोबर. एक्स्टर्नल सर मागून आले. "गरम कोण करणार? परमँगनेट आहे ना?" ती हळूच म्हणाली, "सर, फेरस आहे." सरांनी काही न बोलता तिच्या शीटवर लाल रेघ मारली.

ते बघून शेजारचा मुलगा गडबडला. त्याने सॉल्ट नुसत्या पाण्यात विरघळवलं होतं, फ्लास्कमध्येही ॲसिड अजून घातलं नव्हतं. तसाच तो फ्लास्क त्याने वायर गॉझवर चढवला. फिकट हिरवट द्रावण आधी पिवळट झालं, मग गढूळ, आणि तळाशी तपकिरी साका दिसायला लागला. फेरसचं (लोहाच्या २+ रूपाचं) फेरिक (३+) होत होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर त्याने ॲसिड घालून टायट्रेशन केलं आणि रीडिंग जवळपास अर्धा मिली कमी आलं. सर म्हणाले, "सॉल्टच जुनं दिसतंय."

बाटली मी सकाळीच फोडली होती, खडे स्वच्छ फिक्या हिरव्या रंगाचे होते. मी तसं सांगितलं. उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही बाटल्या भरा, केमिस्ट्री आम्ही बघतो."

बॅच संपल्यावर त्याच मुलाच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमधलं उरलेलं थंड द्रावण मी घेतलं, ॲसिड घातलं आणि इंटर्नल मॅडमसमोर (आमच्याच कॉलेजच्या परीक्षक) टायट्रेट केलं. ०.१ मोलर मोहर सॉल्टच्या १० मिलीला ०.०२ मोलर परमँगनेट १० मिली लागायला हवं, आणि तेवढंच लागलं. सॉल्ट जुनं नव्हतं. पण सर तोवर निघून गेले होते.

कारण साधं आहे. फेरसला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, तो थंडीतही झटक्यात दिला जातो. तापवलं की फायदा फक्त हवेतल्या ऑक्सिजनचा. ऑक्झॅलिकचं तसं नाही. तिथे दोन कार्बनमधला बंध तुटून कार्बन डायऑक्साइड व्हायचा असतो, आणि सुरुवात फार संथ होते. थंड फ्लास्कमध्ये पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग तसाच राहतो आणि मुलांना वाटतं, एंडपॉइंट (टायट्रेशन पुरं झाल्याची खूण) आला. थोडं मँगेनीज (२+) तयार झालं की तेच उत्प्रेरकाचं काम करतं आणि पुढे रंग पडल्या पडल्या जातो. म्हणून पहिले एक-दोन मिली धीराने घाला, आधीचा रंग गेल्याशिवाय पुढचा थेंब नको.

रीडिंगचं म्हणाल तर थंडीत फसलात तर कमी येतं. फार तापवलंत, उकळायलाच लावलंत, तरी कमी येतं, कारण ऑक्झॅलिक स्वतःच विघटन पावायला लागतं. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, त्यामुळे परमँगनेटची मोलॅरिटी (तीव्रता) खऱ्यापेक्षा जास्त निघते. टायट्रेशन करताना फ्लास्कमधलं द्रावण तपकिरी झालं तर मात्र उलटं: परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन न घेता तीनच घेऊन मँगेनीज डायऑक्साइडवर थांबतं आणि रीडिंग वाढतं. ॲसिड कमी पडलं किंवा भराभर ओतलं की हे होतं. असं रीडिंग सरळ सोडून द्या, नवा फ्लास्क घ्या.

"हाताला चटका बसला की झालं" ही पद्धत मला मान्य नाही. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. थर्मामीटर वापरा, आणि एंडपॉइंटजवळ पुन्हा बघा, कारण तोवर फ्लास्क ६० च्या खाली गेलेला असतो.

६०-७० हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हेही सांगते. फाउलर आणि ब्राइट यांनी १९३५ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वेगळी पद्धत दिली: ९०-९५ टक्के परमँगनेट साध्या तापमानाला एकदम घालायचं, रंग जाईपर्यंत थांबायचं, मग ५५-६० अंशांना तापवून टायट्रेशन पुरं करायचं. बारावीला हे करू नका, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे तेच करा. आणि मोहर सॉल्टमध्ये ॲसिड भरपूर असेल तर फ्लास्क जरासा कोमट झाल्याने लगेच रीडिंग बिघडत नाही, त्या मुलाचं बिघडलं ते ॲसिडशिवाय तापवल्यामुळे. पण म्हणून तापवा असं होत नाही.

व्हायवाला (तोंडी परीक्षेत) कुणी "गरम का नाही केलं" म्हणालं तर शांतपणे सांगा, "फेरस आहे, गरज नाही, हवेने ऑक्सिडाइज होईल." ऐकलं नाही तर इंटर्नलना तिथल्या तिथे बोलवा. बॅच संपल्यावर कुणी ऐकत नाही.