रविवारचे पोहे कोणी करायचे?

जुलै उजाडला की डिसेंबरातल्या शर्यतींची पत्रं यायला लागतात. या खेपेला बहुतेक पत्रं आयांची आहेत, म्हणून बुटांच्या ब्रँडविषयीचे आणि घड्याळांविषयीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. घड्याळवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, मी अडतीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, सहकारनगरला राहते. मुलगी सातवीत, धाकटा पहिलीत. गेल्या वर्षी मैत्रिणींच्या नादानं दहा किलोमीटर पळले आणि आवडलंच. आता डिसेंबरात हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, करायची आहे. इंटरनेटवरचे प्लॅन आठवड्यातून पाच दिवस पळायला सांगतात. माझ्याकडे पहाटे पाच ते सहा एवढाच वेळ. पावणेसातला धाकट्याची व्हॅन येते, त्याआधी तीन डबे. नवरा हिंजवडीला, घरी यायला रात्रीचे नऊ. सासूबाई तशा चांगल्या आहेत, पण 'घरातली धावपळ पुरत नाही का, म्हणून बाहेर जाऊन पळतेस?' असं चारचौघांत बोलून दाखवतात. त्यात माझा वेग किलोमीटरला आठ मिनिटं. ग्रुपमधले सगळे पुढे निघून जातात. जमेल का मला? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : जमेल. पाच दिवसांचा तो प्लॅन आधी फोनमधून काढून टाका. ज्यानं तो लिहिला त्याला सकाळी कोणाचा डबा भरायचा नसणार.

तुम्हाला तीन दिवस पुरतात. मंगळवारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, अगदी सावकाश. गुरुवारी चढ. तळजईचा चढ तुमच्या दाराशी आहे, त्यासाठी लोक गाड्या काढून येतात! दहा मिनिटं हळू पळून अंग गरम करायचं, मग मिनिटभर जरा जोर लावून चढायचं आणि चालत खाली यायचं. सुरुवातीला असं चारदा, पुढे सात-आठदा. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. आज आठ किलोमीटर आरामात होत असतील तर दर आठवड्याला एकेक वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला तीन-चार किलोमीटर कमी करायचे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सतरा-अठरापर्यंत पोचलात की बस. सराव करताना एकवीस पूर्ण करायची गरज नाही, ते शर्यतीच्या दिवशी होतात. त्यानंतरचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. तेव्हा 'आता सगळं विसरणार मी' असं वाटायला लागेल. तसं काही होत नाही.

कमी करण्याचे आठवडे कुठे टाकायचे हे मात्र कुठलाही परदेशी प्लॅन सांगणार नाही, ते कालनिर्णय बघून ठरवायचं. गौरी-गणपतीचा आठवडा हलका, कारण घरी पाहुणे आणि रस्त्यात मांडव. नवरात्राचे उपवास करत असाल तर साबुदाण्याच्या खिचडीवर पंधरा किलोमीटर काढायला जाऊ नका, तो आठवडाही हलकाच. दिवाळीचा तर नक्कीच. दोन-तीन तास कढईपुढे उभं राहून चकल्या तळल्या की पोटऱ्या बोलायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशीचा लाँग रन रडतखडत होतो. हे आठवडे आधीच वहीत लिहून ठेवलेत की 'बुडालं' असं वाटत नाही.

आता वेग. किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर एकवीस किलोमीटरला पावणेतीन तासांच्या थोडं वर लागेल, पाणी-बिणी धरून तीन तास. नोंदणी करण्याआधी त्या शर्यतीची कट-ऑफ वेळ, म्हणजे किती वेळात शर्यत पुरी करावी लागते ते, वाचा, सगळीकडे ती सारखी नसते. तीन तासांच्या पुढे असेल तर पैसे भरा. एवढंच. ग्रुप पुढे जातो तर जाऊ द्या. मंगळवारच्या आणि रविवारच्या पळण्याला एकच कसोटी लावायची : पळता पळता फोनवर आईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही', 'बघते' एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. दम महिना-दोन महिन्यांत सुधारतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर त्याहून सावकाश तयार होतात, आणि हौशी लोकांची बहुतेक दुखणी या फरकातून येतात. छाती म्हणते चल, पोटरी म्हणते थांब. ऐकायचं पोटरीचं.

ताकदीच्या व्यायामाला वेगळा वेळ नाही, हे गृहीत धरते. मग स्वयंपाकघरात करा. कुकर लावलात की ओट्याची कड धरून उभं राहायचं, दोन्ही टाचा उचलायच्या, वर क्षणभर थांबायचं आणि तीन मोजत खाली आणायच्या. कुकर होईपर्यंत पंधरा-पंधराचे दोन-तीन फेरे सहज बसतात. पुढे एका पायावर. भाजी शिजतेय तोवर खुर्चीवर बसल्यासारखं करून उठायचं. आमच्या गटातल्या एकीनं यात पोळ्या करपवल्या आहेत, तेव्हा तव्यावर काही असताना नको.

खाण्याचं थोडक्यात. लाँग रन तासाभरापेक्षा मोठा झाला की जवळ खजूर नाहीतर राजगिऱ्याची वडी ठेवा आणि मध्ये मध्ये खा. पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी बाटल्याच्या बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही धोक्याचंच. शर्यतीच्या सकाळी नवीन काही खायचं नाही. जे खाऊन सहा रविवार नीट गेले तेच.

पण तुमचा खरा प्रश्न वेगाचा नाही, रविवारच्या सकाळचा आहे. मंगळवार-गुरुवार तुम्ही पहाटे उरकाल, कोणाला कळणारही नाही. लाँग रन मात्र पुढे अडीच-तीन तास खाणार, आणि त्या तासांत घर तुमच्याशिवाय चालायला हवं. म्हणून शनिवारी रात्री पोहे चाळून, कांदा चिरून, दाणे काढून 'फक्त फोडणी द्यायची आहे' असं सांगून झोपायचं नाही. तसं केलंत तर ते काम तुमचंच राहतं, फक्त आदल्या रात्री होतं. नवऱ्याला पोहे येत नसतील तर ब्रेड आणेल, उपाशी कोणी राहत नाही. आणि पळून आल्यावर ओट्याकडे बघून सुस्कारा टाकायचा नाही, हा तुमच्या बाजूचा करार.

सासूबाईंकडे परवानगी मागू नका, वेळापत्रक सांगा. रविवारी पाच ते साडेआठ मी बाहेर, हे फ्रिजवर लावून टाका. मदत मागताना मात्र नेमकी मागा. 'जरा हातभार लावा ना' म्हटलं की माणसं बिचकतात. 'गुरुवारी धाकट्याला व्हॅनपर्यंत सोडाल का?' म्हटलं की बहुतेक वेळा सोडतात, आणि मग त्यांचं त्यांनाच आवडायलाही लागतं. टोमणा येईलच. दर वर्षी पालखी पुण्यातून निघते तेव्हा साठी-सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन दिवे घाट चढतात आणि पंढरपूर गाठतात. त्यांना कोणी विचारत नाही की घरी कामं नव्हती का. देवासाठी चाललं की चालतं, स्वतःसाठी म्हटलं की चर्चा होते. तशी ही चर्चा फार जुनी आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली १९८३ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन पळू दिली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. त्याआधी ऑलिंपिकवाल्यांनाही वाटत होतं की बाईला एवढं झेपायचं नाही. तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, सिझेरियन झालं होतं. आधी नियमित पळायचे. परत सुरू केलं तर पळताना लघवीचे थेंब गळतात. आई म्हणते बाळंतपणानंतर हे असंच चालायचं. पॅड लावून पळू का? – एक वाचक, औंध

उत्तर : नका पळू, थोडे दिवस. हे अनेक जणींना होतं, आईंचं तेवढं खरं. 'असंच चालायचं' हे मात्र खरं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जी झोळी असते ती गरोदरपणात ताणली जाते, सिझेरियन झालं तरीसुद्धा, कारण नऊ महिने वजन तिनंच पेललेलं असतं. पॅड लावून पळाल तर कपडे कोरडे राहतील, झोळी तशीच राहील.

या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट पुण्यात आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून नाव घ्या. व्यायाम साधे असतात, पण ते बरोबर होताहेत का हे आधी तपासून घ्यावं लागतं. पुष्कळ जणी आत ओढण्याऐवजी खाली लोटत असतात आणि म्हणतात गुण येत नाही. तोवर भरभर चाला, विद्यापीठाचा परिसर तुम्हाला जवळ आहे. अर्धा तास जोरात चालून, एका पायावर काही उड्या मारून गळत नसेल आणि खाली जडपणा वाटत नसेल, तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू करा.

जिचं बाळ याहून लहान आहे तिच्यासाठी : आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाई मोकळी झाली असं धरतात. स्वयंपाकघरापुरतं असेल ते. पळायला किमान तीन महिने थांबा, आणि तेव्हाही डॉक्टरांना विचारून. अंगावर पाजत असाल तर पाजूनच निघा, आणि जुनी ब्रा आता मापाची राहिलेली नाही, नवीन घ्या. इथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : सराव वाढवतेय तसा दम जास्तच लागतोय. जिना चढतानाही धाप लागते. हिमोग्लोबिन १०.२ आलं. बीट खायला सुरुवात केली आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : बीट खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की तो ॲनिमिया. १०.२ वर सराव वाढवणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं. डॉक्टरांना दाखवा, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) तपासायचं का ते विचारा, पाळी फार जात असेल तर तेही सांगा, सांगायला लाजू नका. लोहाच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घ्यायच्या नाहीत. आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहानं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळा, त्यानं लागतं. तोवर पळणं बंद, चालणं चालू.

प्रश्न : वेताळ टेकडी उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. चढताना काही नाही. – एक वाचक, पाषाण

उत्तर : उतारावर वाटीवर जास्त भार येतो. काही आठवडे उतार चालत उतरा, पावलं छोटी टाका, आणि वरचे ओट्यापाशी करायचे व्यायाम तुम्हीही करा, मांड्या आणि कुल्ले बळकट झाले की वाटीचा त्रास पुष्कळदा कमी होतो. सूज आली, गुडघा अडकला किंवा रात्री झोपेत दुखला तर ऑर्थोपेडिककडे जायचं.

प्रश्न : पहाटे पाचला गल्लीतली कुत्री मागे लागतात. त्या भीतीनं दोनदा अर्ध्यातून परत आले. – एक वाचक, धायरी

उत्तर : पळायचं थांबवा आणि चाला. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे. डोळ्यांत बघू नका, पाठही फिरवू नका, बाजूबाजूनं सरकत त्यांची हद्द ओलांडा. बहुतेक टोळ्या आपल्या चौकापुढे येत नाहीत. शक्य असेल तर दोघीतिघी मिळून निघा. डिसेंबरात उजाडायला सात वाजतात, तेव्हा फिकट रंगाचा टी-शर्ट, हातात टॉर्च, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळायचं.

चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-बिळद भरू नका. नुसता ओरखडा असला तरी जा.

प्रश्न : बायको पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन पळणार आहे. मला पळण्यातलं काही कळत नाही. त्या दिवशी मी नेमकं काय करावं? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : या सदराला नवऱ्यांची पत्रं क्वचित येतात, म्हणून सविस्तर सांगते. सकाळी सोडायला जा, पण गाडी लांब लावा, शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात. सुरुवातीचे फोटो एक-दोन पुरेत. नंतर घरी जाऊन मुलांना उठवा, खायला घाला आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये कुठेतरी जाऊन उभे राहा. फिनिशपाशी टाळ्या वाजवायला पुष्कळ लोक असतात, एकोणिसाव्या किलोमीटरला कोणी नसतं, आणि तिला गरज तिथे असते. नावानं हाक मारा. 'झालंच आता' असं खोटं सांगू नका, किती राहिलंय ते खरं सांगा. पिशवीत कोरडा टी-शर्ट, टॉवेल, चपला, केळं आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. बूट काढायला ती वाकू शकणार नाही, ते तुम्ही काढा.

'कितवी आलीस?' हे विचारायचं नाही. जेवणाचं आदल्या दिवशीच बघून ठेवा. बाहेरून मागवलंत तरी चालेल, पण भात हवा. आणि तुमच्या घराला लिफ्ट नसेल तर जिन्यात तिच्या मागे राहा, चढताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना.