‘राहा हवं तितके दिवस’ म्हणजे नक्की किती?

टोरांटोजवळच्या मिसिसॉगाहून एकीचं लांबलचक पत्र आलंय. त्यात प्रश्न चार आहेत, पण मला विचाराल तर तीन प्रश्न पहिल्याचीच, म्हणजे ‘दुसऱ्याच्या घरी किती दिवस राहायचं?’ याचीच पिल्लं आहेत. ती लिहिते :

“ताई, पीआर (कायम राहायचा परवाना) घेऊन आम्ही सप्टेंबरात इथे कॅनडात आलो. नवऱ्याच्या चुलतभावाकडे बेसमेंटमध्ये राहतोय. ‘घर तुमचंच आहे, राहा हवं तितके दिवस’ असं दादांनी विमानतळावरच सांगितलं. आता दहावा आठवडा चालू आहे. कुणी काही बोलत नाही. पण परवा मी धुतलेली भांडी वहिनींनी परत विसळली. मला रात्रभर झोप लागली नाही.”

बाई गं! त्या भांड्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वहिनींचा चेहरा आहे, थर्मोस्टॅट आहे, मुलाचं रडणं आहे. तुम्ही जाणार कधी, ती तारीख मात्र कुठेच नाही. नेहमीचे वाचक म्हणतील, आली ही पुन्हा तारखेवर. आलेच! वहिनी वाईट नाहीत गं, त्यांना फक्त शेवट दिसत नाहीये. पाहुणे चार महिने राहणार हे ठाऊक असलं की बाई चार महिने निभावून नेते. ठाऊक नसलं की चौथ्या आठवड्यातच चमचे मोजायला लागते. आणि हे त्या विचारू शकत नाहीत, कारण “हवं तितके दिवस” त्यांच्याच घरातून गेलंय.

आम्ही ऑक्टोबर १९९८मध्ये टोरांटोतल्या स्कारबरोला उतरलो, माझ्या यजमानांच्या मामेभावाकडे. दोन खोल्यांचा फ्लॅट, चार मोठी माणसं आणि त्यांचं तान्हं बाळ. “पंधरा-वीस दिवस” म्हणून आलो होतो. जानेवारी १९९९मध्ये टोरांटोत इतका बर्फ पडला की महापौरांनी चक्क सैन्य बोलावलं. बाहेर सैनिक आणि आत आम्ही पाच जण. शेवटी भांडण कशावरून झालं माहितेय? कुकरच्या रिंगवरून. सैल झालेली रिंग मी फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि वहिनींना ती खणात हवी असायची. त्या रिंगपायी दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. इतकी वर्षं झाली, अजून त्यांच्याकडे गेले की मी कुकरला हात लावत नाही.

म्हणून २०१४मध्ये भाचा आमच्याकडे आला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याला चहा दिला आणि फ्रीजवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने जायच्या तारखेवर लाल गोल करून घेतला. नणंद कळवळली, “खानावळीत पाठवलंय का मी त्याला?” असू दे. पठ्ठ्या तारखेच्या तीन दिवस आधी स्वतःच्या खोलीवर गेला आणि आज न कळवता जेवायला टपकतो.

आता तुझ्या नवऱ्याचं. “नोकरी लागल्याशिवाय आपल्याला घर कोण देणार, असं हे म्हणतात.” अर्धं खरं आहे. घरमालक नोकरीचं पत्र आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, मागतात, आणि नव्याने आलेल्याकडे दोन्ही नसतं. पण त्यावर वाट आहे. बँकेतली शिल्लक दाखवा, मागच्या घरमालकाचं पत्र द्या, आणि दादांना जामीन राहाल का म्हणून विचारा. त्यांची खोली अडवून बसण्यापेक्षा त्यांची एक सही मागणं बरं. आपल्या ऑन्टारियो प्रांतात ठेव म्हणून घरमालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ती शेवटच्या महिन्याचं भाडं म्हणूनच वापरायची असते. मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट नाही, पुढच्या तारखांचे चेक द्या अशी सक्तीही नाही. असं काही मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

शिवाय इथे घर सोडायचं तर भाडेकरूला साधारण ६० दिवस आधी कळवावं लागतं. म्हणजे जानेवारीअखेर रिकामी होणारी घरं येत्या काही दिवसांत दिसू लागतील. तेव्हा “एक फेब्रुवारीला आम्ही आमच्या घरात” हे आज रात्री जेवणानंतर सांगून टाका. सांगायचं तुझ्या नवऱ्याने, आपल्या भावाला. तू वहिनींना स्वयंपाकघरात हळूच सांगायचं नाही, त्याची चौकशी होते. आणि “वाईट दिसेल” हे पत्रात तीनदा लिहिलंयस. दहा आठवडे बेसमेंटमध्ये चोरपावलांनी चालणं काय चांगलं दिसतंय?

बाकीचे प्रश्न. किराण्याचे पैसे दिले की दादा रागावतात? मग देऊ नका, शनिवारी परस्पर सामान आणून ठेवा. मुलाची शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून घर शक्यतो त्याच शाळेच्या हद्दीत बघा. नाही जमलं तर नाही, सहा वर्षांचं पोर दोन आठवड्यांत नवे मित्र करतं. ओहिपचा, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचा, अर्ज अजून केला नसेल तर उद्याच जा. आमच्या वेळी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट २०२०मध्ये गेली. पीआर कार्ड टपालाने येतं. आल्यापासून १८० दिवसांत कॅनडातला पत्ता कळवला नाही, तर नव्याने अर्ज आणि पैसे दोन्ही भरावे लागतात. तेव्हा सध्या दादांचाच पत्ता देऊन ठेवा.

तारीख ठरली की मला कळव. पण दादांना आधी.