बहुमत असेल तर विधेयक मंजूर होणारच. मग सभागृहाच्या नियमांना अर्थ काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्याच्याकडे बहुमत आहे तो पक्ष हवं ते मंजूर करून घेतोच, मग ‘नियम 184 की 193’, ‘मतविभागणी द्या’ (म्हणजे नावांनिशी मतं मोजा), ‘हरकतीचा मुद्दा’ (म्हणजे नियम मोडल्याचा आक्षेप) यावरून संसदेत आणि विधानसभेत एवढे तास का घालवतात?

मी काही वर्षं विधिमंडळाचं वार्तांकन केलं आहे, आणि हा प्रश्न मला अनेकांनी याच शब्दांत विचारला आहे. विधेयकाचं काय होणार हे बहुतेक वेळा बहुमतच ठरवतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मत कोणत्या प्रश्नावर घ्यायचं, कधी घ्यायचं, ते मोजायचं कसं आणि कोणाच्या नावावर नोंदवायचं, हे सगळं नियमांच्या हातात असतं. कधी कधी तर बहुमत आहे की नाही, हा मुद्दाही नियमाच्या आडोशाने टाळता येतो. आपल्याच विधानसभेत हे घडलेलं आहे.

12 नोव्हेंबर 2014. 288 जणांच्या सभागृहात भाजपने 122 जागा जिंकलेल्या, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव मांडला गेला. नव्याने निवडून आलेले अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानाला टाकला आणि मंजूर झाल्याचं जाहीर केलं. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत राहिले. मागणी वेळेवर आली नाही, असं सांगून अध्यक्ष पुढच्या कामकाजाकडे वळले.

आता बघा, यात नेमकं काय झालं. राष्ट्रवादीच्या एकाही आमदाराला आपण कोणत्या बाजूला आहोत हे उभं राहून दाखवावं लागलं नाही. बाजूने मत दिलं की तटस्थ राहिले, कुठेच नोंद नाही. मतविभागणी झाली असती तरी कदाचित सरकार टिकलंच असतं. पण मग कोणाच्या जोरावर टिकलं, हे नावांनिशी महाराष्ट्रासमोर आलं असतं. आवाजी मतदानात अध्यक्ष ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन आवाजांचा अंदाज घेतात, आणि त्यावर आक्षेप आला तर मोजणी व्हावी, अशी पद्धत आहे. तो आक्षेप कोणत्या क्षणी घ्यायचा, तो अध्यक्षांनी ऐकला की नाही, यावर सगळं अडकतं. पाच-दहा सेकंदांचा खेळ असतो तो.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश देताना गुप्त मतदान नको आणि थेट प्रक्षेपण करा, असं स्पष्टच बजावलं. फडणवीसांनी चाचणीआधीच राजीनामा दिला. 30 नोव्हेंबरला ठाकरे सरकारच्या ठरावाच्या बाजूने 169 आमदारांची शिरगणती झाली आणि भाजपने सभात्याग केला. सभागृह तेच, विषय तोच, फक्त मोजण्याची रीत बदलली. त्याबरोबर नागरिकाला मिळालेली माहितीही बदलली.

दिल्लीतली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की हे जास्त ठळक होतं.

9 मार्च 2010 रोजी राज्यसभेने महिला आरक्षणाचं विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केलं. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत, अशी दुहेरी अट असते, म्हणून तिथे मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं. विरोधातलं ते एकुलतं एक मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचं होतं. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवणाऱ्या माणसाने महिला आरक्षणाच्या विरोधात मत का द्यावं, यावर आजही वाद घालता येतो. घालता येतो, कारण ते मत नोंदलेलं आहे. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण सगळं सभागृह एका बाजूला असताना ‘नाही’ म्हणणाऱ्याला मोजलं गेलं, याचं मोल मला फार वाटतं.

20 सप्टेंबर 2020. तीच राज्यसभा, विषय शेतीचा. कृषी कायद्यांची दोन विधेयकं चर्चेला होती. विरोधकांना ती प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवायची होती, त्यासाठी त्यांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत आणि सभागृहात गोंधळ आहे, या कारणाने ती नाकारली गेली आणि विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. सत्ताधारी आघाडीला त्या सभागृहात स्वतःच्या बळावर बहुमत नव्हतं, त्यामुळे मोजणीचा निकाल गृहीत धरण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी आठ विरोधी सदस्य निलंबित झाले. पुढे दिल्लीच्या सीमांवर वर्षभर आंदोलन चाललं आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविनाच संमत झालं. देशभरातल्या शेतकऱ्यांशी संबंध असलेल्या कायद्यावर राज्यसभेत कोणत्या खासदाराने काय मत दिलं, हे आज कोणालाच दाखवता येत नाही. जागेवर नसलेल्यांनी मतविभागणी मागू नये, हा नियम आपल्या ठिकाणी बरोबर आहे. वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरून कागद भिरकावणाऱ्यांचा बचाव मी करणार नाही. पण पाच मिनिटं कामकाज थांबवून सदस्यांना जागेवर जायला सांगणं आणि मग मोजणं, हेही पीठासीन अधिकाऱ्याच्याच, म्हणजे त्या वेळी सभागृह चालवणाऱ्याच्याच, हातात होतं.

नियमांच्या आकड्यांवरून होणाऱ्या भांडणाचंही असंच आहे. लोकसभेत नियम 184 खाली चर्चा झाली की शेवटी मतदान होतं. नियम 193 खाली झाली की मंत्री उत्तर देतात आणि विषय तिथेच संपतो. 2012 च्या हिवाळी अधिवेशनात किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून पहिले काही दिवस वाया गेले ते याच मुद्द्यावर. अखेर मनमोहनसिंग सरकार 184 ला तयार झालं. विरोधी ठरावाच्या बाजूने 218 आणि विरोधात 253 मतं पडली. गंमत करण्यासारखी गोष्ट नाही ही: भाषणात गुंतवणुकीला विरोध करणाऱ्या समाजवादी पक्षाने आणि बसपाने मतदानाच्या वेळी सभात्याग केला आणि सरकार सुटलं. 193 खाली ही चर्चा झाली असती तर दोन्ही पक्षांची फक्त भाषणं मागे राहिली असती.

2023 मध्ये मणिपूरमधल्या हिंसाचारावरच्या चर्चेबाबत हेच घडलं. राज्यसभेत विरोधकांना नियम 267 हवा होता, म्हणजे ठरलेलं सगळं कामकाज बाजूला ठेवून हाच विषय. सरकार नियम 176 खालच्या अल्पकालीन चर्चेला तयार होतं, म्हणजे जास्तीत जास्त अडीच तास आणि मतदान नाही. दोघेही हटले नाहीत. मग लोकसभेत अविश्वास ठराव आणला गेला. तो पडणार हे मांडणाऱ्यांनाही माहीत होतं. त्यांना हवं होतं ते पंतप्रधानांचं सभागृहातलं उत्तर, कारण अविश्वास ठरावाला उत्तर दिल्याशिवाय सरकारला सुटका नसते. 10 ऑगस्टला ते उत्तर झालं. पडण्यासाठीच मांडलेला ठराव एवढं काम करून गेला, ते केवळ नियमामुळे.

पण अविश्वास ठरावाच्या दारातही एक नियम बसलेला आहे. तो दाखल करून घ्यायला किमान 50 सदस्यांनी जागेवर उभं राहावं लागतं. मार्च 2018 मध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने नोटिसा दिल्या होत्या. दुसऱ्या पक्षांचे खासदार फलक घेऊन मध्ये उभे. अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, मूळच्या चिपळूणच्या. सभागृहात गोंधळ असताना 50 जणांची मोजणी करता येत नाही, असं त्या रोज सांगत आणि कामकाज तहकूब करत. अधिवेशन तसंच संपलं. त्याच गोंधळात, त्याच महिन्यात, वित्त विधेयक आणि सगळ्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या मात्र अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर झाल्या होत्या. गोंधळात अर्थसंकल्प मंजूर करता येतो, पण 50 माणसं मोजता येत नाहीत, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जुलैमध्ये तोच विषय दाखल करून घेतला, दिवसभर चर्चा झाली, 325 विरुद्ध 126 मतांनी सरकार जिंकलं. चार महिने आधी झालं असतं तरी जिंकलंच असतं.

नियम बदलण्याचा अधिकारही सभागृहाकडेच असतो. घटनेच्या कलम 118 ने तो संसदेला आणि कलम 208 ने राज्यांच्या विधिमंडळांना दिला आहे. त्यामुळे भांडण नियम वापरण्यापुरतं राहत नाही, लिहिण्यावरूनही होतं. महाविकास आघाडीच्या काळात विधानसभा अध्यक्षपद रिकामं होतं. गुप्त मतदानात आमदार फुटण्याची भीती होती, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये अध्यक्षाची निवड आवाजी मतदानाने व्हावी अशी नियमात दुरुस्ती केली गेली. राज्यपालांनी त्यावर आक्षेप घेऊन निवडणुकीची तारीखच दिली नाही. जुलै 2022 मध्ये सरकार बदललं आणि अध्यक्ष निवडला गेला तो उघड मतदानाने, 164 विरुद्ध 107, पण विरुद्ध बाजूचा. आजच्या सोयीसाठी लिहिलेला नियम उद्या समोरच्याच्या हातात जातो, हे ज्यांनी जवळून पाहिलंय ते असल्या दुरुस्त्यांना घाई करत नाहीत.

त्याच काळातलं दुसरं प्रकरण आणखी महत्त्वाचं आहे. 5 जुलै 2021 रोजी भाजपचे 12 आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. सभागृहाच्या कामकाजात न्यायालयाने केवळ कार्यपद्धतीच्या चुकीवरून लक्ष घालायचं नाही, असा घटनेतला दंडक आहे. तरीही 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. चालू अधिवेशनापुरतंच निलंबन चालेल, त्यापुढचं घटनाबाह्य. कारण साधं आहे. आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभर निलंबित केलं तर जागा रिकामीही होत नाही आणि मतदारसंघाला आवाजही राहत नाही. हे प्रकरण भाजपचं होतं म्हणून विरोधकांनी आणि 2020 चं आठ खासदारांच्या निलंबनाचं प्रकरण विरोधकांचं होतं म्हणून भाजपने दुर्लक्ष करावं, असं होता कामा नये. दोन्हीकडे बाहेर बसवला गेलेला मतदार एकच आहे.

धन विधेयकाचं, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाच्या विषयांवरच्या विधेयकाचं, थोडक्यात सांगतो. एखादं विधेयक धन विधेयक ठरलं की राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, आणि ते तसं आहे की नाही हे लोकसभेचा अध्यक्ष ठरवतो. 2016 चा आधार कायदा असाच आला. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या आणि विषय संपला.

कायद्याचा मजकूर खरोखर बदलतो तो मात्र समितीच्या खोलीत. संसदेत खात्यानिहाय स्थायी समित्या 1993 मध्ये आल्या, तेव्हा लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष होते. तिथे कॅमेरे नसतात, तज्ज्ञ येतात, अधिकाऱ्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले जातात, आणि पक्षादेशही तितका कडक लागत नाही. पण विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे अशी सक्ती नियमांत नाही. 15व्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, 17व्या लोकसभेत सुमारे 16 टक्के. आपल्याकडे जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त समितीकडे गेलं, तिथे 12 हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, यासारखे बदल झाले. विधेयकावरचे माझे मूळ आक्षेप तरीही कायम आहेत, पण समितीकडे न जाता ते आणखी वाईट रूपात कायदा झालं असतं.

खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांना शुक्रवारचे अडीच तास मिळतात आणि 1970 नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. म्हणून ते निरुपयोगी, असं मात्र समजू नका. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत आणण्यासाठी राजापूरचे खासदार नाथ पै यांनी 1967 मध्ये विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीपर्यंत गेलं, गाजलं आणि मंजूर न होताच राहिलं. नाथ पै जानेवारी 1971 मध्ये गेले, आणि त्याच वर्षी सरकारने 24वी घटनादुरुस्ती आणली, तिचा गाभा तोच होता.

तुमच्या प्रश्नात एक खरी दुखरी जागा आहे, ती पक्षांतरबंदीची. 1985 पासून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे चर्चा ऐकून मत बदलणारा सदस्य जवळजवळ उरलेलाच नाही. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं की ही तलवार फक्त विश्वास आणि अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा. तेवढं जरी केलं तरी बाकीच्या विधेयकांवरच्या चर्चेत जीव येईल.

आणि मला विचाराल तर दुसरी एक दुरुस्ती त्याहून सोपी आहे: प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला मतविभागणी सक्तीची करा. संसदेत प्रत्येक बाकावर मतदानाची बटणं आहेत, त्याला काही मिनिटं लागतात. तोपर्यंत तुम्ही बातमी वाचताना विधेयक मंजूर झालं एवढ्यावर थांबू नका. आवाजी की मोजून, आणि समितीकडे गेलं होतं की नाही, एवढं शोधा, आणि मोजलं नसेल तर तुमच्या आमदाराला किंवा खासदाराला पत्र लिहून विचारा की त्यांचं मत काय होतं.