वाचकांचे प्रश्न : क्युपर्टिनोत पोलिसांऐवजी शेरीफ का?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहते. तिथे गस्तीच्या गाड्यांवर ‘शेरीफ’ असे लिहिलेले असते. शेजारच्या सनीवेलमध्ये तसे दिसले नाही. आपल्याकडे मुंबईचे शेरीफपद केवळ मानाचे समजले जाते. तिथला शेरीफ नेमके काय करतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : क्युपर्टिनो शहराला स्वतःचे पोलीस दलच नाही. हे शहर ज्या सांता क्लारा काउंटीत (साधारण आपला जिल्हा) येते, तिच्या शेरीफशी नगरपालिका करार करते आणि ठरलेली रक्कम मोजून गस्त, वाहतूक आणि गुन्ह्यांचा तपास त्याच्यावर सोपवते. साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स यांनीही हाच मार्ग पत्करला आहे. सनीवेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन ही दोन्ही कामे शहराचे एकच खाते पाहते, तर सॅन होजेला स्वतंत्र पोलीस दल आहे. कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीत न येणारा डोंगराळ व ग्रामीण भाग मात्र कराराविनाच शेरीफकडे असतो.

आपल्या पोलीस अधीक्षकाची नेमणूक आणि बदली शासन करते. शेरीफला थेट मतदार निवडून देतात. मुदत एरवी चार वर्षांची, परंतु ही निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीबरोबर यावी म्हणून २०२२ मध्ये निवडून आलेल्यांना सहा वर्षे मिळाली. निवडून आलेला अधिकारी लोकांना अधिक उत्तरदायी असतो, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. याच काउंटीत १९९८ मध्ये निवडून आलेल्या लॉरी स्मिथ, कॅलिफोर्नियातील पहिल्या निर्वाचित महिला शेरीफ, दोन दशकांहून अधिक काळ पदावर राहिल्या. शस्त्रपरवाने देताना पक्षपात केल्याच्या आरोपांवरून खटला चालू असताना त्यांनी २०२२ मध्ये राजीनामा दिला आणि पाठोपाठ ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले.

गस्त ही फक्त डोळ्यांना दिसणारी बाजू झाली. काउंटीचा तुरुंग, न्यायालयांची सुरक्षा आणि न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी हीसुद्धा शेरीफचीच कामे आहेत. भाडेकरूविरुद्ध दावा जिंकला तरी घरमालकाला स्वतः कुलूप बदलता येत नाही. न्यायालयाचा ताबा-आदेश शेरीफकडे जातो, त्याचे कर्मचारी दारावर पाच दिवसांची नोटीस लावतात आणि मुदत संपल्यावर येऊन घर रिकामे करून देतात. मुंबईच्या शेरीफचे कार्यालयही या बाबतीत अगदीच शोभेचे नाही : उच्च न्यायालयाने एखादे जहाज अटकावून ठेवण्याचा आदेश दिला, तर तो बजावण्याचे काम याच कार्यालयाकडे येते.

प्रश्न : मुलाला अमेरिकेत फोन आला की, “शेरीफच्या कार्यालयातून बोलतोय, तुम्ही ज्यूरीच्या कामाला हजर राहिला नाहीत, वॉरंट निघाले आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा.” तो एच-वन व्हिसावर आहे. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोन ठेवून द्यावा. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच हा भाऊबंद आहे. वॉरंट रद्द करण्यासाठी शेरीफचे कार्यालय फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्डाने तर नाहीच. फोनच्या पडद्यावर कार्यालयाचाच क्रमांक दिसला तरी विश्वास ठेवू नये, कारण तो बनावट दाखवता येतो. शिवाय ज्यूरीत बसण्याचा अधिकार केवळ अमेरिकी नागरिकांना आहे. परवानाधारक वाहनचालकांच्या यादीतून नाव निघून परकीय नागरिकालाही कधीकधी ज्यूरीचे बोलावणे येते, पण ते टपालाने. अशा वेळी ते कचऱ्यात न टाकता, त्यावरील ‘नागरिक नाही’ या पर्यायावर खूण करून परत पाठवावे. शंका उरल्यास कार्यालयाचा क्रमांक काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधून फोन करावा. ९११ हा क्रमांक तातडीच्या संकटासाठी राखून ठेवावा.