विषय नको, प्रसंग सांग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘एकटेपणावर चांगले सिनेमे सुचवा’ असं तू चार सिनेमावेड्यांना विचारलंस, त्यांनी मिळून साठेक नावं दिली, त्यातले तीन तू लावलेस आणि तिन्ही अर्ध्यावर बंद केलेस. आणि आता आपल्याला सिनेमातलं काही कळत नाही, असं ठरवून बसला आहेस. अरे, साठ नावं पुढ्यात आल्यावर कुणाचंही डोकं चालेनासं होईल. तुझ्या पाहण्यात काही खोट नाही, विचारण्यात आहे.

विषय सांगून मागू नकोस. प्रसंग सांग.

विषयाचं नाव घेतलंस की समोरचा डोक्यातला तो खण उघडतो आणि आत जे असेल ते तुझ्यापुढे ओततो. ‘एकटेपण’ म्हटल्यावर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा ‘इकिरू’ (1952) येणार, तिथल्याच ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (1953) येणार, रितेश बत्राचा ‘द लंचबॉक्स’ (2013) येणार. तिन्ही नावं बरोबरच आहेत. पण ‘इकिरू’तला सरकारी अधिकारी एकटा आहे तो आपल्याला कॅन्सर झालाय हे पोटच्या मुलालाही सांगता येत नाही म्हणून. ‘टोकियो स्टोरी’तला म्हातारा शेवटी बायको गेल्यावर घरात उरतो, शेजारीण डोकावते तेव्हा आता एकट्याने दिवस फार मोठे वाटतील, एवढंच तिला म्हणतो. आणि ‘लंचबॉक्स’मध्ये भलत्याच टेबलावर गेलेल्या डब्यामुळे दोन अनोळखी माणसं चिठ्ठ्यांतून बोलू लागतात, म्हणजे तिथे एकटेपणाला निदान एक खिडकी तरी आहे. यातलं तुझं कुठलं? चार पानी पत्रात त्याचा पत्ता नाही.

नाही कसा, आहे. तिसऱ्या पानावर, तेही कंसात. वाढदिवसाला सगळे मित्र घरी जमले होते, बाहेर हसण्याचा आवाज चालला होता आणि तू स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत उभा होतास. हे तू कंसात टाकलंस! चार जणांना तू हेच सांगायला हवं होतंस. त्यातल्या तिघांना काही सुचलं नसतं आणि चौथा जरा वेळ गप्प बसून एक नाव बोलला असता.

मी एवढी हटून का बसते, ते सांगते. माझी एक सहकारी होती, रोज शेजारच्या टेबलावर. एक दिवस म्हणाली, “विस्मरणाच्या आजारावर एखादा चांगला सिनेमा सांग ना.” मी लगेच फ्लोरियन झेलरचा ‘द फादर’ (2020) सांगितला आणि वर त्याची बांधणीही समजावून दिली. त्या सिनेमात आपण म्हाताऱ्याच्या डोक्याच्या आत असतो. घर तेच, पण सामान बदलत जातं. मुलगी एकदा एका नटीच्या रूपात येते आणि एकदा दुसरीच नटी आपण मुलगी असल्याचं सांगते. त्याच्यासारखेच आपणही गोंधळतो. मी अगदी रंगून सांगितलं. तिने तो अर्धा तास पाहिला, बंद केला आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी सिनेमाबद्दल बोललीच नाही.

मग केव्हातरी म्हणाली, “आईला आतून काय होत असेल, तेच डोक्यात असतं गं दिवसरात्र. मी तिच्यावर ओरडते, आणि नंतर जे होतं ना, ते कुणाला तरी कळलंय असं मला बघायचं होतं.”

तिला ‘अस्तु’ सांगायला हवा होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित (ही भूमिका मोहन आगाशेंची) गाडीत बसलेले असतात. मुलगी जरा वेळ बाजूला जाते आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे निघून जातात. पुढचा सगळा सिनेमा मुलीच्या शोधाचा आणि जिवाच्या घालमेलीचा; आणि तिकडे माहुताची बायको त्या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. कंटाळलेल्या, ओरडणाऱ्या, नंतर स्वतःलाच खाणाऱ्या मुलीला जागा आहे त्यात. आजार तोच, पण हे दोन सिनेमे दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. आणि मला ‘अस्तु’ माहीत नव्हता असंही नाही. पाहिलेला होता, आवडलेला होता.

मी विचारायला हवं होतं का? हवं होतं. “का गं, घरी कुणी आहे का?” एवढं तोंडातून निघालं असतं तरी पुरे होतं. पण तिनेही विषयच सांगितला होता, प्रसंग सांगितला नव्हता, आणि विषय सांगणाऱ्याला विषयावरचंच उत्तर मिळतं. स्वतःला पाठीशी घालते आहे असं वाटेल तुला. वाटू दे. त्या दिवसापासून मी कुणालाही यादी दिलेली नाही. लोक मला शिष्ट म्हणतात, एवढं पाहून ठेवलंय आणि दोन नावं सांगायला जड जातं म्हणतात. पण कोऱ्या प्रश्नाला मी नाव देत नाही. आधी प्रसंग.

आता तू म्हणशील, चार लोकांत स्वतःचं दुखणं कशाला उघडं करायचं? बरोबर आहे. मग पाहिलेल्या सिनेमातला प्रसंग सांग, तोही चालतो, कधीकधी जास्त चालतो. इटालियन दिग्दर्शक डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’चा (1948) शेवट आठव. सायकल चोरताना बाप पकडला जातो, लोक त्याला सोडून देतात, तो रडत चालू लागतो आणि पोरगा त्याचा हात धरतो. तू ‘गरिबीवर सिनेमे सुचवा’ म्हणालास तर तुला गरिबीची रांग मिळेल. पण ‘तो हात धरतो ना, तसं काहीतरी’ म्हणालास तर मला कळेल की तुला गरिबी नको आहे. लहान मुलाच्या डोळ्यांदेखत मोठ्या माणसाची पत जाते, ते तुला हवं आहे. मग मी तुला ओझूचा 1932 मधला मूकपट ‘आय वॉज बॉर्न, बट...’ सांगेन. त्यात दोन भाऊ साहेबाच्या घरी हौशी चित्रफीत बघायला जातात, आणि पडद्यावर त्यांचा नोकरदार बाप साहेबाला खूश करायला वेडीवाकडी तोंडं करत असतो. सगळे हसतात, ही दोन पोरं सोडून. घरात खाण्यापिण्याची ददात नाही, सिनेमा बराचसा विनोदी आहे. गरिबीच्या कुठल्याही यादीत तो तुला सापडला नसता. त्या हातामुळे सापडला.

आणखी एक. बंद केलेले सिनेमे लपवत जाऊ नकोस. कुठल्या जागी कंटाळा आला, कुठे राग आला, ते सुचवणाऱ्याला सांग. आवडलेल्या दहा सिनेमांपेक्षा त्यातून जास्त कळतं. आणि कुणी नाव दिलं तर पाहून झाल्यावर परत जाऊन त्याला सांग, आवडलं नसलं तरी. नावं घेऊन गायब होणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. माझी सहकारी परत आली म्हणून माझी चूक मला कळली. ती आली नसती तर मी आजही तोच एक सिनेमा सगळ्यांना सांगत सुटले असते.

साठ नावांची ती यादी फाडू नकोस, बाजूला ठेव. तूर्त त्यातलं काही लावू नकोस.

मला फक्त एवढं कळव: तू भांडी विसळत होतास, तेव्हा बाहेरून कुणी हाक मारली का? मारली असेल तर तू ओ दिलीस का? ते कळलं की मी एक नाव पाठवते.

वाट पाहते.