ट्रकच्या फोकसचा उजेड कमी पडतो? बल्बाआधी वायर तपासा

इगतपुरी-कसाऱ्याकडे धुकं उतरायला लागलं की बंपरवरच्या फोकसबद्दलचे, म्हणजे लांबवर उजेड टाकणाऱ्या जादा दिव्यांबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी पाच इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण बाकीच्यांच्या अडचणींचा अर्धा उलगडा त्यातच होतो.

आडगावचे एक ट्रकमालक विचारतात: दहाचाकी गाडी आहे, २४ व्होल्टची. बंपरवर दोन फोकस, एच३ प्रकारच्या बल्बचे, ७० वॅटचे. चांदवडच्या पुढे राहुड घाटात रात्री उजेड पुरत नाही, असं ड्रायव्हरचं म्हणणं आहे. १०० वॅटचे बल्ब टाकावेत का?

आधी मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन चालू, फोकस चालू, आणि मीटरच्या दोन पिना बल्बच्या जोडाशी. बॅटरीवर २८ व्होल्टच्या आसपास दिसतील. बल्बपाशी २७ च्या वर असतील तर वायरिंग ठीक आहे. जुन्या गाड्यांवर तिथे २५ दिसणं मात्र नेहमीचंच. तीन व्होल्टांनी असा काय फरक पडतो, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने उतरतो. २८ चे २५ झाले की उजेडाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. तुमच्या ड्रायव्हरला कमी पडतोय तो बहुधा हाच उजेड.

व्होल्ट कुठे गळतात तेही मीटरच सांगतो. एक पीन बॅटरीच्या प्लसला, दुसरी बल्बच्या प्लसला लावा. जो आकडा येईल तेवढी गळती प्लसच्या वाटेत. मग एक पीन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी फोकसच्या डब्याला. ही अर्थची, म्हणजे चासीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेची गळती. कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काम तिथे आहे.

माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक वेळा दोष अर्थमध्ये निघतो. एच३ बल्ब हातात घेऊन पाहा, त्याला एकच छोटी वायर असते. बऱ्याच फोकसमध्ये अर्थ बल्बच्या पत्र्याच्या बुडातून रिफ्लेक्टरला, तिथून स्टँडला, स्टँडमधून बंपरला आणि मग चासीला जातो. दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या बंपरवर स्टँडच्या नटाखाली रंग आणि गंज यांचा थर साचलेला असतो. नट सोडा, खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, आणि डब्यापासून थेट चासीपर्यंत अर्थची वेगळी वायर ओढा. एवढ्यानेच उजेडाचा रंग पिवळट-तांबूस होता तो पांढरा झालेला डोळ्यांना दिसतो.

प्लसच्या बाजूला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. डॅशबोर्डच्या स्विचमधून सगळा करंट फिरवत नेऊ नका. स्विचने फक्त रिले ओढावा, आणि बल्बचा करंट बॅटरीकडून अडीच चौरस एमएमच्या वायरने थेट जावा. ७० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे सहा अँपिअर घेतात, त्याला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो बॅटरीच्या जवळ बसवा, फोकसजवळ नाही. फ्यूज फोकसजवळ असेल आणि मध्ये कुठे वायर घासून चासीला टेकली तर फ्यूजच्या आधीची सगळी वायर जळते. रिले २४ व्होल्टचाच घ्या. कारचा १२ व्होल्टचा रिले ट्रकवर लावला तर त्याची कॉइल जळून जाते.

हे सगळं झाल्यावर १०० वॅटचा हिशेब करा. ७० चे १०० म्हणजे कागदावर उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त. पण दुप्पट लांबचं पाहायचं तर चौपट उजेड लागतो. म्हणजे आज जिथे २५० मीटरपर्यंत दिसतं, तिथे १०० वॅटने फार तर ३०० मीटर दिसेल. तेवढ्यासाठी होल्डर करपतो आणि उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडतो. मुलामा एकदा गेला की मग कुठलाही बल्ब टाका, उजेड मेलेलाच. माझा सल्ला स्पष्ट आहे: चांगल्या कंपनीचे ७० वॅटचेच बल्ब, जोडीने बदललेले, आणि वायरिंग नवीन.

पिंपळगाव बसवंतहून एक पिकअपचालक लिहितात: टोमॅटो घेऊन रात्री वाशीला जातो. फोकसमधला हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकला. मला रस्ता पांढराशुभ्र दिसतो, पण समोरचे सारखे अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारतात. दोष कुणाचा?

दोष बल्बचा आहे, आणि तो तुम्ही काढायला हवा. फोकसचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. ती तार काही मिलिमीटरची, आणि ती नेमकी ठरलेल्या जागी असेल तरच किरण एकत्र होऊन लांब जातात. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप्स असतात. त्यांचा आकार वेगळा, जागाही जरा सरकलेली. मग उजेड फाकतो: जवळचा डांबर भगभगीत दिसतो, लांबचं उलट कमी दिसतं, आणि वर उडालेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पायाशी लख्ख दिसल्यामुळे आपल्याला वाटतं उजेड वाढला. खरं तर जवळच्या लखलखाटाने आपल्याच डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबच्या अंधारातली बंद पडलेली ट्रॉली दिसत नाही.

एलईडी हवाच असेल तर बल्ब नको, पूर्ण एलईडीचा फोकस घ्या, ज्याची काच आणि रिफ्लेक्टर त्याच चिपसाठी बनवलेले असतात. तो वीज कमी खातो आणि खड्ड्यांत टिकतो, कारण तुटायला तारच नसते.

आणि एक विनंती. फोकसची जोडणी अप्परच्या वायरवरून रिलेला द्या, म्हणजे डिप्पर मारला (झोत खाली घेतला) की फोकस आपोआप विझतील. वेगळ्या स्विचवर ठेवलेले फोकस समोरून गाडी आल्यावर बंद करायचे राहतात, हे आपण रोज रात्री पाहतो. समोरून येणारा बहुतेक वेळा मोटारसायकलवरचा शेतकरी असतो, आणि दिपलेल्या डोळ्यांनी तो साइडपट्टीवरून खाली जातो.

घोटीहून प्रश्न: कसारा घाटात धुक्यासाठी पिवळे बल्ब चांगले का?

धुक्यातले पाण्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे पिवळा असो की पांढरा, दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळा काही धुकं भेदून जात नाही. डोळ्याला तो सौम्य वाटतो, एवढं खरं. पण वरचा रंग थोडा उजेड खातो. निळसर ‘सुपर व्हाइट’ हॅलोजनचंही तेच, रंग काचेवर असतो आणि उजेड कमी होतो.

धुक्यात कामाला येते ती दिव्याची जागा. फॉग लॅम्प बंपरच्या खालच्या अंगाला असावा, उजेड रुंद आणि वरून कापलेला असावा, म्हणजे साइडपट्टी आणि कठडा दिसतो. लांब फेकणारे फोकस धुक्यात बंदच ठेवा. ते लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते.

सिन्नरहून: २४ व्होल्टचे बल्ब सारखे उडतात. एका मिस्त्रीने एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून कारचे फोकस लावायला सांगितलं आहे. चालेल का?

नाही. दोन बॅटऱ्या मिळून २४ होतात, आणि अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो. एकीवरून फोकस चालवले की ती अर्धवट चार्ज राहते आणि दुसरीत जास्त चार्ज जाऊन तिचं पाणी उकळतं. काही महिन्यांत दोन्ही जातात. टेपसाठी अशी वायर काढलेली असेल तर तीही काढून टाका, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा.

बल्ब उडण्याचं कारण वेगळं शोधा. २४ व्होल्टची तार लांब आणि बारीक असते, म्हणून ती १२ व्होल्टच्या तारेपेक्षा धक्क्याला नाजूक. फोकस हाताने हलवून पाहा. स्टँड डुगडुगत असेल तर मागून एक आधाराची पट्टी द्या. इंजिन रेस करून बॅटरीवर व्होल्ट बघा, २९ च्या वर गेले तर व्होल्ट ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला आहे. आणि बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काच तिथे कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

अंबडहून: फोकसमुळे पासिंगला अडचण येते का? आणि ते किती वाकवायचे?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १११ वा नियम समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवाद फक्त खास परिस्थितीत आणि आरटीओच्या आधी घेतलेल्या परवानगीने. १०६ वा नियम सांगतो की समोरचा दिवा एकतर कायम खाली झुकलेला असावा, नाहीतर ड्रायव्हरला तो खाली झुकवता किंवा विझवता यावा. ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंच डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. केबिनच्या छतावरची फोकसांची रांग म्हणून लावूच नका. बंपरवरच्या फोकसबद्दलही पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या.

वाकवण्यासाठी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. फोकसच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्यावर खडूची रेघ मारा, तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी. उजेडाचा सगळ्यात तेजस्वी ठिपका खालच्या रेघेवर आणा. हे काम माल भरल्यावर करा. कांद्याच्या गोण्यांनी मागचे पाटे दबले की गाडीचं नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेला फोकस झाडांच्या शेंड्यांवर जातो.