वाचकांचे प्रश्न : धावपट्टीकडेचे गवत

प्रश्न : पावसाळ्यात विमानतळावरील गवत झपाट्याने वाढते. ते कापण्यासाठी स्वयंचलित रोबो वापरता येतील का? (एक वाचक, विमाननगर, पुणे)

उत्तर : येतील, मात्र बंगल्याच्या हिरवळीवरचे यंत्र उचलून तिथे सोडून चालणार नाही. बागेतील अनेक यंत्रे जमिनीत पुरलेल्या तारेवरून हद्द ओळखतात, तर मोठ्या मैदानांवरची यंत्रे उपग्रहाच्या संकेतांना जमिनीवरील स्थिर केंद्राच्या दुरुस्तीची जोड देऊन आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरवतात.

खरा पेच गवताच्या उंचीचा आहे, कारण विमानांना धडकू शकणारे कोणते पक्षी तिथे येणार हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. गवत फार आखूड ठेवले, तर किडे उघडे पडून टिटव्या, साळुंक्या आणि गायबगळे उतरतात. बेसुमार वाढू दिले, तर उंदीर माजतात आणि त्यांच्यामागे घारी येतात. ब्रिटनमध्ये म्हणूनच ते साधारण १५ ते २० सेंटिमीटर राखण्याची पद्धत रूढ झाली. घरगुती रोबो याहून बरेच आखूड कापतात. त्यांचा गुण असा की ते वरचेवर थोडे थोडे कापतात. ट्रॅक्टरने एकदम कापणी केल्यावर पक्ष्यांची जी पंगत बसते, ती त्यामुळे टळते.

भरकटलेले यंत्र धावपट्टीवर येणे हा सर्वांत गंभीर धोका होय. त्यामुळे नियंत्रण कक्षाला ते तत्काळ थांबवता आले पाहिजे. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची असल्याने तेथे अशा प्रयोगाला त्यांचीच संमती लागेल.